आमचे पुढचे ब्रेक

मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास भेटणारा प्रत्येक मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, “किती धांवते?” दुसरा प्रश्न, “लिटरला किती देते?” ती थांबते कशी, हें विचारणारा मनुष्य आम्हांस आजवर भेटलेला नाहीं. वास्तविक, गाडी धांवली नाहीं तर ती दारांत उभी राहील, शेजारी हंसतील, आणि फार तर आपणांस रिक्षा करावी लागेल. थांबली नाहीं तर मात्र प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा हे दोघेही शिल्लक राहतील अशी शाश्वति नाहीं. असें असूनही लोकांचें सारें कुतूहल धांवण्याकडे. याला आम्हीही अपवाद नव्हतों. गेलीं दोन वर्षें आम्ही एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करीत आहों, आणि त्यांतले पहिले वीस महिने आम्हीं तिचा रंग, तिच्या गाद्या आणि तिचें इंजिन यांत घालविले. ब्रेकची पाळी सर्वांत शेवटीं आली. आणि तीही आमच्या शहाणपणामुळें नव्हे, मुलीच्या एका प्रश्नामुळें.

गाडी आहे मॉरिस मायनर, १९५१ सालची. ॲलेक इसिगोनिस या इंजिनिअरच्या कल्पनेंतून ती उतरली आणि १९४८ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत लोकांपुढें आली. ती बाजारांत यावयाच्या थोडें आधीं इसिगोनिससाहेबांना एकाएकीं वाटलें कीं, ही अरुंद दिसते. तेव्हां त्यांनीं नमुन्याची एक गाडी उभी मधोमध कापविली, दोन्ही भाग दूर सरकवून पाहिले, आणि रुंदी चार इंचांनीं वाढविली. आमच्या गाडीच्या बॉनेटवरून मधोमध जाणारी जी सपाट पट्टी आहे ती त्या चार इंचांची खूण. इंजिन ९१८ घनसेंटिमीटरांचें, बळ सत्तावीस-अठ्ठावीस घोड्यांचें, आणि मनांत आणलें तर वेग ताशीं साठ मैलांचा. वळावयाचें असलें म्हणजे दोन दारांमधल्या खांबांतून एक लहानसा नारिंगी हात बाहेर येतो, आणि शाळेंत उत्तर येणाऱ्या मुलासारखा ताठ उभा न राहतां अर्ध्यावरच आडवा होऊन थांबतो. नांवानें ‘मायनर’, म्हणजे कायद्याच्या भाषेंत अज्ञान. वयानें पाऊणशेंच्या घरांत.

आमच्या तीर्थरूपांनीं ती १९७३ सालीं एका निवृत्त डॉक्टरांकडून घेतली. पंधरा वर्षें चालविली, आणि १९८८ सालीं वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडींत उभी करून तिच्यावर एक ताडपत्री टाकली. ती ताडपत्री त्यांच्या हयातींत निघाली नाहीं. ते गेल्यावर आम्हीं ती काढली, तेव्हां गाडींत उंदरांचीं दोन बिऱ्हाडें, १९८८ सालचें एक वर्तमानपत्र आणि तीर्थरूपांचा चष्म्याचा डबा, एवढें सांपडलें. चष्मा डब्यांत नव्हता. तरीही तो डबा हातांत धरून आम्ही बराच वेळ उभे होतों, आणि त्याच संध्याकाळीं जीर्णोद्धाराचा निश्चय झाला.

तर मुलीचा प्रश्न. ती मुंबईंत नोकरीला असते आणि पंधरा दिवसांनीं पुण्यास येते. वीस महिन्यांनंतर एका शनिवारीं इंजिन प्रथमच सुरू झालें, तेव्हां ती दारांत उभी होती. टाळ्या वाजवून झाल्यावर ती म्हणाली, “बाबा, पूर्ण झाली कीं एकदां मी ही मुंबईला नेऊं? मीच चालवीन.” आम्ही उदारपणें “अवश्य” म्हणालों. रात्रीं मात्र झोंप आली नाहीं. मुंबईला नेणें म्हणजे घाट उतरणें. आणि या गाडीनें घाट उतरणें म्हणजे काय, हें घरांत एका आम्हांसच ठाऊक होतें.

सन १९८० चा मे महिना. मुंबईला मावशीच्या घरीं लग्न होतें. गाडींत तीर्थरूप, मातोश्री, आजी, धाकटी बहीण आणि आम्ही. शिवाय लाडवांचे डबे आणि वळकटी. आम्ही दहा वर्षांचे होतों आणि घरांतला मुलगा या हक्कानें पुढच्या सीटवर बसलों होतों. खंडाळा मागें पडला आणि उतार लागला. पुढें एक भरलेली ट्रक रखडत चालली होती, त्यामुळें तीर्थरूपांचा पाय ब्रेकवरून उचलला म्हणून जात नव्हता. थोड्या वेळानें जळक्या चिंधीसारखा वास येऊं लागला. मग आम्हांस दिसलें कीं, ब्रेकचें पेडल पूर्वी जेथें थांबे तेथें तें थांबत नाहीं, त्याच्या बरेंच खालीं जातें. पुढच्या वळणावर तें फळीलाच टेकलें. तीर्थरूप एक शब्दही बोलले नाहींत. त्यांनीं कर्कश आवाज करीत गिअर खालीं आणला, हँडब्रेक दोन्ही हातांनीं ओढावा तसा एका हातानें ओढला, आणि ट्रकच्या पाठीमागचीं अक्षरें अगदीं मोठीं मोठीं होऊं लागलीं असतां गाडी डोंगराच्या अंगाला असलेल्या मुरमाच्या ढिगांत घातली. गाडी थांबली. लाडवाचा एक डबा उघडून सांडला, याहून कांहीं झालें नाहीं.

“इंजिन तापलं आहे,” तीर्थरूप मातोश्रींना म्हणाले. मग त्यांनीं आमच्याकडे एकदांच पाहिलें. त्या पाहण्यांत रागही नव्हता आणि विनंतीही नव्हती. पण त्याचा अर्थ आम्हांस कळला आणि आम्ही गप्प राहिलों. अर्ध्या तासानें पेडल कांहींच घडलें नाहीं अशा साळसूदपणें वर आलें. पुढें शिंगरोबाच्या देवळापाशीं गाडी उभी करून त्यांनीं नाणें वाहिलें. तें सगळेच वाहत असत, म्हणून त्यांत कोणास नवल वाटलें नाहीं. परंतु त्या दिवसानंतर त्यांनीं ती गाडी घाटांत कधीं घातली नाहीं. मुंबईस जावयाचें तर आगगाडीनें. नातेवाईक म्हणत, अण्णा आतां पेट्रोलचा हिशेब करूं लागले. तीर्थरूपांनीं तो आरोप शेवटपर्यंत मुकाट्यानें सोसला. आम्हीही, ज्यांना वर्गांत पन्नास मिनिटें गप्प बसणें एकदांही साधलेलें नाहीं, ही एक गोष्ट पंचेचाळीस वर्षें कोणास सांगितली नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन थोडें गणित केलें. आमचा विषय इंग्रजी वाङ्मय. परंतु भीति माणसाला पदार्थविज्ञान शिकविते. रिकामी गाडी पाऊण टनाच्या किंचित् वर, माणसें आणि सामान धरून सुमारें हजार किलो. हजार किलो वजन शंभर मीटर खालीं उतरविलें, तर जी शक्ति मोकळी होते तिनें जवळजवळ तीन लिटर गार पाणी उकळीला येईल. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंतचा उतार साधारण साडेपांचशें मीटरांचा. म्हणजे सोळा लिटर पाण्याचें आधण! यांतला कांहीं भाग वारा खातो, कांहीं भाग खालच्या गिअरमधलें इंजिन खातें; उरलेला सारा जाळ चार चाकांत बसविलेल्या सात सात इंचांच्या चार बिडाच्या डब्यांना सोसावा लागतो. शिवाय गाडी थांबतांना तिचें वजन पुढें झुकतें, त्यामुळें त्या चारांतही पुढच्या दोघांवर भार अधिक. संयुक्त कुटुंबांत थोरल्या दोन भावांवर पडावा तसा.

हे डबे म्हणजे ड्रम. ड्रम चाकाबरोबर फिरतो, आणि आंत दोन अर्धचंद्राकृति ब्रेकशू असतात. पेडल दाबलें कीं तेलाच्या दाबानें ते फांकतात आणि ड्रमला आंतून घासतात. मायनरच्या पुढच्या चाकांत एक युक्ति केलेली आहे. दोन्ही शू अशा बेतानें बसविलेले आहेत कीं, फिरणारा ड्रमच त्यांना ओढून आपल्या अंगाशीं अधिक घट्ट आवळून घेतो. त्यामुळें थोड्या पायाच्या जोरांत पुष्कळ काम होतें. मात्र गाडी उलटी जाऊं लागली कीं ही सारी मैत्री संपते आणि शू ढिले पडतात. चढावर मागें सरकणारी मायनर ज्यांनीं धरून ठेविली आहे त्यांना याचा अनुभव असेल. ड्रमचा खरा शत्रु उष्णता. तापला कीं तो फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. शूवरचें लायनर तापलें कीं त्याची पकड जाते. आणि ब्रेक ऑइलांत वर्षानुवर्षें हवेंतली ओल मुरलेली असली, तर तें उकळून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं, वाफ दाबली जाते. मग पेडल फळीला टेकतें. तीर्थरूपांच्या पायाखालीं त्या दिवशीं जें झालें तें हें. पंचेचाळीस वर्षें ज्याला आम्ही मनांतल्या मनांत संकट म्हणत होतों तें एका साध्या गणिताचें उत्तर होतें.

याला उपाय तीन. पहिला, आहेत तेच सात इंचांचे ड्रम नवीं लायनरें आणि नवे रबर घालून ठाकठीक करणें. दुसरा, याच गाडीच्या १९६२ नंतरच्या भावंडांना कारखान्यानेंच दिलेले आठ इंचांचे ड्रम पुढें बसविणें; म्हणजे धाकट्याला थोरल्याचा सदरा. तिसरा, पुढचे ड्रम काढून तेथें डिस्क बसविणें. डिस्क म्हणजे चाकाबरोबर उघड्यावर फिरणारी लोखंडी थाळी, आणि तिला दोन्ही बाजूंनीं चिमट्यांत धरणारे दोन पॅड. ती तापली तरी पॅडांपासून पळत नाहीं, आणि उघडी असल्यामुळें लवकर निवते. कल्पना नवी मुळींच नाहीं. लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें; पण जग तिच्या लायकीचें झालें नव्हतें. १९५३ सालीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत जग्वार गाड्या डिस्क लावून उतरल्या आणि जिंकल्या, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. म्हणजे आमची गाडी जन्मल्यावर दोनच वर्षांनीं. विलायतेंत मायनरची पूजा बांधणारे भक्त अद्याप पुष्कळ असल्यामुळें तिच्यासाठीं डिस्कचा तयार संच मिळतो. कोठें कांहीं कापावें लागत नाहीं, नटबोल्टांनीं बसतो.

आमचे एक स्नेही जुन्या गाड्यांचे मोठे अभ्यासक आहेत. त्यांच्या कानावर हा बेत घालतांच त्यांनीं चहाचा कप खालीं ठेविला. “उद्यां म्हणाल, शेक्सपिअरला विरामचिन्हं नवीन घालतों,” ते म्हणाले. शेक्सपिअरची विरामचिन्हें पुष्कळशीं संपादकांनींच घातलेलीं आहेत हें आम्हीं त्यांस सांगितलें नाहीं. कारण त्यांचें म्हणणें पोकळ नव्हतें. जुन्या वस्तूची किंमत तिच्या जुनेपणांत असते. आज एक भाग सोयीसाठीं बदलला, उद्यां दुसरा, परवां तिसरा, म्हणजे शेवटीं नुसता आकार जुना उरतो आणि आंत सगळी आजची गाडी. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपांत राखलेल्या गाड्यांसाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी सुरू केली आहे. डिस्क लावून ‘मूळ स्वरूप’ कोणत्या तोंडानें म्हणणार, असा त्यांचा सवाल होता.

आम्हीं आठ दिवस विचार केला. मूळ स्वरूप म्हणजे काय? सात इंचांचा ड्रम १९५१ च्या रस्त्यासाठीं होता. त्या रस्त्यावर मायनरच्या पुढें जी गाडी चाले तिचेही ब्रेक असेच असत. पुढची जितक्या अंतरांत थांबे तितक्यांतच मागचीही थांबे. आज पुढची गाडी निम्म्या अंतरांत थांबते, आणि दोघींमधल्या मोकळ्या जागेंत एखादा दुचाकीवाला शिरून बसतो. ड्रम तोच राहिला तरी त्याच्या भोंवतालचें जग मूळ स्वरूपांत राहिलेलें नाहीं. आणि दुसरी गोष्ट: गाडी प्रदर्शनांत ठेवावयाची असती, तर स्नेह्यांचें म्हणणें आम्हीं शिरसावंद्य मानलें असतें. ती चालवावयाची आहे. आणि चालविणार आहे आमची मुलगी. शेवटीं आम्हीं एक नियम केला कीं, जें परत पूर्ववत् करतां येईल तेंच बदलावयाचें. कापावयाचें नाहीं, भोक पाडावयाचें नाहीं, आणि निघालेला प्रत्येक तुकडा ग्रीसच्या कागदांत गुंडाळून नांव घालून ठेवावयाचा. त्या निराळ्या नोंदणीचा नाद मात्र सोडला. स्नेह्यांना हा निवाडा पसंत नाहीं. ते आमच्याकडे येतात, चहा घेतात, आणि गाडीच्या मागच्या बाजूसच उभे राहून तिची स्तुति करतात.

विलायतेहून पेटी आली. नाना पेठेंतल्या एका गल्लींतले आमचे मिस्त्री रविवारीं हत्यारें घेऊन आले. जॅकवर उचललेल्या गाडीखालीं नुसत्या जॅकच्या भरंवशावर जावयाचें नाहीं, म्हणून खालीं भक्कम घोड्या लावल्या. पुढचें उजवें चाक निघालें. ड्रमनें हातोडीचे बरेच हलके ठोके खाल्ले आणि मग तोही निघाला. मिस्त्रींनीं जन्माच्या संवयीनें आंतल्या धुळीवर फुंकर मारण्यासाठीं गाल फुगविले, तोंच मुलीनें त्यांचा हात धरला. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते. ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. “चाळीस वर्षं फुंकतोय, ताई,” मिस्त्री म्हणाले, आणि मग जरा थांबून त्यांनीं फडकें ओलें करून घेतलें.

ड्रम आम्हीं उजेडांत नेऊन पाहिला. आंतल्या चकचकीत कड्यावर निळसर डाग होते. लोखंड फार तापून निवलें म्हणजे असे डाग पडतात. ते त्याच मे महिन्यांतले असें छातीवर हात ठेवून सांगतां येणार नाहीं. परंतु त्यांवरून बोट फिरवितांना आम्हांस तीर्थरूपांचें तें पाहणें आठवलें, आणि आम्हीं तो ड्रम मिस्त्रींच्या हातीं न देतां स्वतःच कागदांत गुंडाळला.

डिस्क बसली, चिमटे बसले, नळ्या जोडल्या. उरली ती हवा काढणें. ब्रेकची हवा काढणें हें एकट्याचें काम नव्हे. एकानें गाडीखालीं आडवें होऊन चाकाजवळची लहान तोटी उघडावी-बंद करावी, आणि दुसऱ्यानें वर बसून पेडल दाबावें. मायनरचा मास्टर सिलिंडर गाडी चालविणाराच्या पायाखालीं, फळीच्या आंत दडविलेला असतो. म्हणून त्याच्यापासून सर्वांत दूरचें जें मागचें डावें चाक, तेथून आरंभ करावयाचा. मिस्त्री जेवावयास गेले होते, मुलगी तेल ओतीत होती, तेव्हां पेडलवर आमच्या गृहस्वामिनींची नेमणूक झाली. गाडीखालून आम्ही म्हणावें, “दाब.” वरून उत्तर यावें, “दाबलं.” “धर.” “धरलंय.” तोटी बंद झाली कीं, “सोड.” बाटलींत बुडबुडे येत, कमी होत, पुन्हां येत. तिसऱ्या चाकाला वरून आवाज आला, “अहो, लग्नांत भटजींनीं सुद्धां इतक्या वेळां धर-सोड करायला लावली नव्हती.” चौथ्या चाकाचा शेवटचा बुडबुडा निघाला आणि पेडल दगडासारखें घट्ट झालें. त्या दिवशीं आम्हीं स्वतःला मोठे कारागीर मानलें.

दुसऱ्या दिवशीं पहाटे पाषाणच्या रस्त्यानें आम्ही आणि मुलगी चांचणीस निघालों. पहिल्याच थांब्याला गाडी सरळ, शांतपणें आणि अशी चटकन् थांबली कीं, आम्हांस जवळजवळ धन्यता वाटली. पेडलला पायाचा जोर मात्र अधिक लागे. फिरत्या ड्रमकडून शूला मिळणारी ती ओढ डिस्कला मिळत नाहीं. येथें जें काय करावयाचें तें आपल्याच पायानें. तेंही आम्हांस आवडलें. परंतु दोन-तीन किलोमीटरांनंतर गाडी जड वाटूं लागली. सपाट रस्त्यावरही पाठीमागून कोणी पदर धरल्यासारखी ती चालेना. मग तोच वास आला. पंचेचाळीस वर्षांनीं, नव्या ब्रेकचा, तोच वास.

आम्ही गाडी कडेला घेऊन उभे राहिलों तेव्हां आमचे हात थरथरत होते, हें कबूल केलें पाहिजे. मुलीनें खालीं उतरून पुढच्या चाकाजवळ तळहात नेला आणि चटकन् मागें घेतला. मग तिनें गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून ढकलून पाहिली. एरवीं एका हातानें सरकणारी मायनर जागची हलेना. “बाबा,” ती म्हणाली, “हे धरताहेत छान. सोडत नाहींयेत.”

कारण घरीं आल्यावर सांपडलें. संचाबरोबर आलेल्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर तें स्पष्ट छापलेलें होतें. आणि ज्यानें तीस वर्षें विद्यार्थ्यांना ‘उतारा शेवटपर्यंत वाचा’ म्हणून सांगितलें त्या आम्हीं तें पान उलटलें नव्हतें. ड्रमच्या मास्टर सिलिंडरांत एक लहानशी झडप असते. पाय काढल्यावरही ती नळ्यांत थोडा दाब राखून ठेविते, दर चौरस इंचास आठ-दहा पौंड, म्हणजे चाकाजवळचे रबर आपल्या जागीं घट्ट राहतात. ड्रमला त्याचें कांहीं वाटत नाहीं. कारण तेथें शूंना मागें ओढून घेणाऱ्या चांगल्या ताठ स्प्रिंगा असतात, त्या दाबाला जुमानीत नाहींत. डिस्कच्या पॅडांना तशा स्प्रिंगा नाहींत. पाय काढला कीं आंतली रबरी कडी केंसभर मागें वळते, पॅडही केंसभर मागें सरतो, आणि तेवढ्यावर सारें चालतें. त्या केंसभर जागेंत दहा पौंड दाब कायमचा बसून राहिला, म्हणजे पॅड थाळीला चिकटलेलेच राहणार, थाळी तापणार, आणि तापून तापून जेव्हां खरें थांबावयाचें असेल तेव्हां दगा देणार. उपाय सोपा होता. ती जुनी झडप काढून ठेविली. मागच्या ड्रमांच्या नळींत दहा पौंडांची निराळी बसविली, आणि पुढच्या नळींत दोन पौंडांची. तीं दोन पौंड लागतातच, कारण मास्टर सिलिंडर जमिनीच्या जवळ आहे आणि नुसतें मोकळें सोडलें तर तेल हळूहळू त्याच्याकडे ओसरतें. सगळा दाब काढून भागत नाहीं, आणि सगळा ठेवूनही भागत नाहीं.

त्या दोन पौंडांचा आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला. धरून ठेवणें ही प्रेमाची एकच खूण आम्हांस ठाऊक होती. मुलगी मुंबईला राहावयास गेली तेव्हांपासून रात्रीं नऊ वाजतां फोन, पाऊस पडला कीं फोन, लोकल बंद पडल्याची बातमी आली कीं फोन. ती एकदां हंसून म्हणाली होती, “बाबा, तुमचा एक पाय नेहमीं ब्रेकवर असतो.” आम्हांस तो त्या वेळीं गौरव वाटला होता. घाटांत तीर्थरूपांचा ब्रेक गेला तोही पाय उचलतां न आल्यामुळेंच, हें आमच्या लक्षांत माहितीपत्रकाचें शेवटचें पान वाचीपर्यंत आलें नव्हतें.

पाऊस संपल्यावर एका रविवारीं आम्ही निघालों. गाडी ती चालवीत होती, आम्ही डावीकडे. जुन्या रस्त्यानेंच जावयाचें ठरलें होतें. खंडाळा मागें पडला, उतार लागला. तिनें आधींच गिअर खालीं घेतला, आणि ब्रेक लावावयाचा तेव्हां थोडा वेळ ठाम लावी आणि मग पूर्ण सोडून देई. ही रीत तिला कोणीं शिकविली कोण जाणे; आम्हीं तर नव्हे. आमच्या पायापुढें पेडल नाहीं हें विसरून आम्ही प्रत्येक वळणावर फळी दाबीत होतों. तिनें तें पाहिलें असावें; पण ती कांहीं बोलली नाहीं.

शिंगरोबाच्या देवळापाशीं तिनें आपण होऊन गाडी थांबविली. आम्ही उतरून पुढच्या चाकाजवळ गेलों. चाक गरम होतें, पण हात ठेवतां येत होता, वास नव्हता. तेथें, रस्त्याच्या कडेला उभे राहून, आम्हीं तिला तो १९८० चा मे महिना सांगितला. मुरमाचा ढीग, लाडवांचा डबा, “इंजिन तापलं आहे” हे शब्द, आणि तें पाहणें. मोठा वृत्तांत म्हणून पंचेचाळीस वर्षें जपलेली ती गोष्ट पांच मिनिटांत संपली.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आजोबांनीं थांबवली.”

“हो,” आम्ही म्हणालों.

“ब्रेक नसतांना.”

“ब्रेक नसतांना.”

आम्हीं या बाजूनें त्या गोष्टीकडे कधीं पाहिलेंच नव्हतें. आमच्या मनांत ती तीर्थरूपांच्या फजितीची गोष्ट होती, आणि ती झांकून ठेवणें हें आम्ही पुत्रकर्तव्य समजत होतों. तिला ती ऐकतांक्षणीं त्यांच्या हुशारीची वाटली. असें कांहीं असेल तर तें सांगावयास आम्हीं फार उशीर केला. तीर्थरूपांनीं आगगाडीचीं तिकिटें काढून आणि पेट्रोलचे टोमणे सोसून घालविलेलीं तीं वर्षें आतां परत येणार नाहींत.

आम्हीं नाणें वाहिलें. परत येऊन बसतांना तिनें विचारलें, “खालपर्यंत तुम्ही चालवतां?” किल्ली तिनें पुढें केली होती. आम्हीं ती घेतली नाहीं. पुढच्या चार-सहा वळणांवर आमचा पाय फळीवर गेलाच. पण खोपोलीचीं घरें दिसूं लागलीं तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, शेवटचीं दोन वळणें तो आपल्या जागींच होता.